थकवा, नाल्ट्रेक्सोन आणि अर्धा मिलिलिटर

वाचकांचे प्रश्न : आरोग्य

महिनोन्महिने न हटणारा, झोपूनही न भरून येणारा थकवा ही एमई/सीएफएस (मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस / क्रॉनिक फटिग सिंड्रोम) या आजाराची ओळख. या आजाराविषयी आलेल्या बहुतेक पत्रांचा शेवट एकाच औषधापाशी होतो : अगदी कमी मात्रेतलं नाल्ट्रेक्सोन. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. उत्तरं एक फिजिशियन आणि एक फार्मासिस्ट यांनी मिळून लिहिली आहेत. पत्रं संक्षिप्त केली आहेत, नावं छापलेली नाहीत. नाल्ट्रेक्सोन डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं औषध आहे. एखाद्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळालं, तरी घेऊ नये.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला. ताप गेला, थकवा राहिला. ऑफिसला जाऊन आलो की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, तिकडे यावर ‘लो डोस नाल्ट्रेक्सोन’ देतात. घेऊन बघू का? (वाचक, पुणे)

आधी आजार हाच आहे का ते पाहू. तुमच्या पत्रातले ‘दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी’ हे शब्द डॉक्टरांना आवर्जून सांगा. श्रम आज आणि त्याची भरपाई १२ ते ४८ तासांनी, तीही केलेल्या श्रमाच्या मानाने कितीतरी जास्त, ही या आजाराची खूण आहे. पुढे आपण तिला नुसतं ‘घसरण’ म्हणू. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये निदानाचे जे निकष ठरवले, त्यांत सहा महिन्यांहून अधिक काळ कामाची क्षमता ठळकपणे घटलेली असणं, ही घसरण आणि ताजंतवानं न करणारी झोप या तीन गोष्टी असाव्याच लागतात. त्यांच्या जोडीला विचारशक्ती मंदावणं किंवा उभं राहिल्यावर त्रास वाढणं, यांपैकी निदान एक हवी. डेंग्यू, चिकुनगुनिया, कोविड, ग्रंथिज्वर अशा संसर्गांनंतर हे चित्र दिसू शकतं. नुसता थकवा मात्र शंभर कारणांनी येतो.

आता ‘रिपोर्ट सगळे नॉर्मल’ म्हणजे कोणते रिपोर्ट? हिमोग्लोबिन १३ आणि फेरिटिन १० असेल तर शरीरातला लोहाचा साठा संपलेला आहे, मग रिपोर्टखाली कोणी काहीही लिहिलेलं असो. शाकाहारी घरांत बी-१२ तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये. यांच्यासोबत टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए१सी (साखरेसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लिव्हर फंक्शन, कॅल्शियम, ईएसआर किंवा सीआरपी (शरीरातल्या दाहासाठी) बघा. वजन घटत असेल, संध्याकाळी अंग कोमट होत असेल तर टीबीचा विचार हवा. घोरत असाल आणि बैठकीत डुलक्या येत असतील तर झोपेची तपासणी करा. ही यादी लांबलचक वाटेल, पण यातली बरीचशी कारणं उपचारांनी बरी होतात. एमई/सीएफएसचं तसं नाही.

नाल्ट्रेक्सोन हे अफूवर्गीय औषधांचा परिणाम अडवणारं औषध आहे. अमेरिकेत त्याला १९८४ मध्ये अफूवर्गीय व्यसनासाठी आणि १९९४ मध्ये दारूच्या व्यसनासाठी मान्यता मिळाली, मात्रा रोज ५० मि.ग्रॅ. थकव्यासाठी वापरतात ती मात्रा याच्या दहाव्या भागाहूनही कमी, बहुधा ०.५ ते ४.५ मि.ग्रॅ. ते काम कसं करतं यावर दोन तर्क मांडले जातात. एक असा, की अफूवर्गीय औषधं पेशींवर ज्या जागी चिकटतात त्या जागांना, म्हणजे ग्राहींना, काही तासच अडवल्यामुळे शरीर स्वतःची एंडॉर्फिनं (शरीरातच तयार होणारी वेदनाशामकं) वाढवतं. दुसरा असा, की मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या रक्षक पेशींची नाहक खवळ त्यामुळे शमते. दोन्ही तर्कच आहेत.

पुरावा किती? फिनलंडमध्ये २१८ एमई/सीएफएस रुग्णांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ७३.९ टक्के रुग्णांनी काही ना काही फायदा सांगितला होता. आकडा भरघोस आहे, पण तुलनेला डमी गोळीचा, म्हणजे औषध नसलेली तशीच गोळी घेणाऱ्यांचा, गट नव्हता. फायब्रोमायल्जिया या जवळच्या, सगळं अंग दुखत राहण्याच्या आजारात अशी तुलना झाली आहे. २०१३ च्या अमेरिकी चाचणीत ३१ स्त्रियांमध्ये दुखणं औषधाने सुमारे २९ टक्के आणि डमी गोळीने १८ टक्के घटलं. पुढे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या ९९ स्त्रियांच्या चाचणीत ६ मि.ग्रॅ. मात्रेने दुखण्यात डमी गोळीपेक्षा ठोस फरक दिसला नाही.

तेव्हा निदान पक्कं असेल, यकृत ठीक असेल, अफूवर्गीय औषध चालू नसेल आणि डॉक्टर लक्ष ठेवणार असतील, तर चार-सहा महिने घेऊन बघायला आमची हरकत नाही. पण पहिला उपाय म्हणून नाही. पहिला उपाय म्हणजे घसरण होणार नाही इतपतच काम करणं. ब्रिटनच्या नाइस संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये आपली मार्गदर्शक सूचना बदलली आणि टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवत नेण्याचा जुना सल्ला काढून टाकला. तुम्हाला कोणी ‘रोज हजार पावलं वाढवा’ म्हणत असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

प्रश्न : डॉक्टरांनी ‘नाल्ट्रेक्सोन ०.५ मि.ग्रॅ. रात्री, दर दोन आठवड्यांनी वाढवा’ असं लिहून दिलंय. केमिस्टकडे फक्त ५० मि.ग्रॅ.ची गोळी आहे. तो म्हणाला, तुकडे करून घ्या. किती तुकडे करू? (वाचक, नाशिक)

एकही करू नका. गोळीचे चार तुकडे केले तरी प्रत्येकात १२.५ मि.ग्रॅ. येतं, म्हणजे तुम्हाला लिहून दिलेल्या मात्रेच्या पंचवीस पट. सोळा तुकडे केले तर कागदावर ३ मि.ग्रॅ.च्या आसपास भरतं, पण गोळीचा भुगा होतो आणि कुठल्या चिमटीत किती गेलं ते देवाला ठाऊक.

दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे औषधं बनवून देणाऱ्या फार्मसीकडून कमी मात्रेच्या कॅप्सूल घेणं. त्या घेताना दोन प्रश्न विचारा. औषध लगेच विरघळणारं आहे ना? सावकाश सुटणारं, म्हणजे एसआर किंवा सीआर नको. या मात्रेत ग्राही काही तासच अडवायचे असतात, चोवीस तास नाहीत. आणि प्रत्येक कॅप्सूलमध्ये सारखंच औषध आहे हे ते कसं तपासतात? पन्नास-शंभर मि.ग्रॅ. पूडीत अर्धा मि.ग्रॅ. औषध सारखं मिसळणं सोपं नाही. या प्रश्नावर दुकानदार चिडला तर दुसरं दुकान बघा.

दुसरा मार्ग म्हणजे गोळी पाण्यात विरघळवणं. नाल्ट्रेक्सोन पाण्यात चांगलं विरघळतं, म्हणून हे जमतं. (प्रत्येक गोळीचं जमत नाही. हे उत्तर वाचून दुसऱ्या औषधांवर प्रयोग करू नये.) डॉक्टरांना आधी दाखवा, मग असं करा :

झाकण घट्ट बसणारी, गडद रंगाची, साठ-शंभर मिलिलिटरची काचेची बाटली उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. पाणी दहा मिनिटं उकळून झाकून गार करा. १० मि.लि.च्या सिरिंजने, सुई न लावता, पाच वेळा मोजून बरोबर ५० मि.लि. पाणी बाटलीत घाला. कपाने, चमच्याने, सिरपच्या टोपणाने मोजू नका. एक अख्खी ५० मि.ग्रॅ.ची गोळी त्यात टाका. कुटायची गरज नाही, कुटताना खलाला चिकटून औषध वाया जातं. वरचं आवरण सुटायला वेळ लागतो, म्हणून अर्धा तास तशीच ठेवा, मध्ये दोन-तीनदा हलवा. तळाशी पांढरा गाळ दिसेल. तो गोळीतला भराव असतो, औषध पाण्यात उतरलेलं असतं. तरीही दर वेळी घेण्याआधी बाटली दहा सेकंद हलवायची.

आता १ मि.लि. म्हणजे १ मि.ग्रॅ. झालं. तुमची पहिली मात्रा ०.५ मि.लि. चव कडू असते, वरून पाणी प्या. बाटलीवर तारीख लिहा आणि फ्रिजमध्ये ठेवा, दारातल्या कप्प्यात नको. सात दिवसांनी उरलेलं फेकून द्या. सुरुवातीला आठवड्याला जेमतेम साडेतीन मिलिलिटर लागतं आणि बाकीचं ओतताना जीव हळहळतो हे खरं. पण या पाण्यात जंतू रोखणारं काही नसतं. दर दोन आठवड्यांनी अर्धा मि.लि. वाढवत गेलात तर ४.५ मि.लि.पर्यंत पोचायला सोळा आठवडे लागतात. त्या मात्रेला आठवड्याला साडेएकतीस मि.लि. लागेल, म्हणजे तेव्हाही एक बाटली पुरते.

चुका होतात त्या सिरिंजपाशी. घरात मधुमेही असेल तर इन्सुलिनची सिरिंज हाताशी असते आणि तीच वापरली जाते. तिच्यावरच्या खुणा मिलिलिटरच्या नसून युनिटच्या असतात. लाल टोपणाच्या यू-४० सिरिंजवर ४० ची खूण म्हणजे १ मि.लि., तर यू-१०० वर १०० ची खूण म्हणजे १ मि.लि. म्हणजे अर्धा मि.लि. एकीवर २० ला येतो आणि दुसरीवर ५० ला. एकीचा हिशेब दुसरीवर लावला की मात्रा अडीच पट चुकते. त्यापेक्षा केमिस्टकडून साधी १ मि.लि.ची किंवा २ मि.लि.ची सिरिंज आणा. २ मि.लि.च्या सिरिंजवर ०.१ च्या रेघा असतात. ५ मि.लि.च्या सिरिंजवर बहुधा ०.२ च्या असतात, त्यामुळे अर्धा मि.लि. अंदाजाने घ्यावा लागतो.

दुसरी चूक लिहिण्यातली. ‘.५’ असं लिहिलं की टिंब पुसट होतं आणि घरचं माणूस ५ मि.लि. देतं. कायम ‘०.५’ असं, शून्यासकट लिहा. बाटलीवर ‘५० मि.लि.त ५० मि.ग्रॅ.’ हेही लिहा आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

जाता जाता एक. नाल्ट्रेक्सोनचं पाकीट पाहून घरात किंवा दुकानात ‘ही दारू सोडायची गोळी ना?’ असा प्रश्न येतो. गोळी तीच आहे, काम वेगळं आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर निदान लिहिलेलं असलं की हा प्रश्न लवकर मिटतो.

प्रश्न : कंबरदुखीसाठी पॅरासिटामॉल आणि ट्रॅमाडोल एकत्र असलेली गोळी वर्षभर रोज घेते. नाल्ट्रेक्सोनची पहिलीच मात्रा घेतली आणि दोन तासांत दरदरून घाम, उलट्या, पोटात कळा, अंगावर काटा. ॲलर्जी असेल का? (वाचक, कोल्हापूर)

ॲलर्जीचा हा प्रकार नाही. ट्रॅमाडोल अफूवर्गीय आहे. ते रोज घेणाऱ्या शरीराला त्याची सवय होते, आणि नाल्ट्रेक्सोनने ग्राही एकदम अडवले की काही तासांत ते सगळं भोगावं लागतं जे औषध सोडणाऱ्या माणसाला भोगावं लागतं. पुन्हा घेऊ नका. आजच डॉक्टरांना कळवा. उलट्या थांबत नसतील, शुद्ध हरपत असेल, छातीत दुखत असेल तर थेट दवाखाना गाठा. त्रास दबावा म्हणून ट्रॅमाडोल वाढवून घेणं सर्वांत धोक्याचं. अडथळा ओसरला की सगळी मात्रा एकदम अंगावर येते.

वर्षभराचं ट्रॅमाडोल एका दिवसात बंद करू नका. ते टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावं लागतं. नाल्ट्रेक्सोन सुरू करण्याआधी अफूवर्गीय औषध बंद होऊन निदान ७ ते १० दिवस जावे लागतात. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन असेल तर दोन आठवड्यांपर्यंत.

ही चूक सहज होते, कारण गोळीवरचं ब्रँडचं नाव ठळक आणि आतल्या औषधाचं बारीक असतं. पाकीट उलटं करून ही नावं शोधा : ट्रॅमाडोल, टॅपेंटाडोल, कोडीन (काही खोकल्याच्या औषधांत असतं), मॉर्फिन, ब्युप्रेनॉर्फिन (त्वचेवर लावायच्या पट्टीतही), फेंटानिल, पेंटाझोसिन. जुलाबावरचं लोपेरामाइडही याच कुळातलं. ते मुख्यतः आतड्यातच काम करतं, पण नाल्ट्रेक्सोनसोबत त्याचा उपयोग कमी होऊ शकतो. नुसतं पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांच्याशी हे भांडण नाही.

प्रश्न : एका ओळखीच्या बाईंना ४.५ मि.ग्रॅ. लागू पडलं म्हणून मीही तिथूनच सुरुवात केली. आठ दिवस झोप नाही, लागली तर विचित्र स्वप्नं, सकाळी डोकं ठणकतं. बंद करू? (वाचक, ठाणे)

दोन-तीन दिवस बंद करा, झोप सावरू द्या, मग डॉक्टरांशी बोलून ०.५ पासून सुरुवात करा. या आजारात शरीर औषधांना नाजूक होतं. नाइसच्या सूचनेतही म्हटलं आहे की एमई/सीएफएसच्या रुग्णांना नेहमीपेक्षा कमी मात्रेने सुरुवात करून हळूहळू वाढवण्याचा विचार करावा. हे नाल्ट्रेक्सोनपुरतं नाही, कुठल्याही औषधाला लागू आहे. फारच नाजूक प्रकृतीत ०.१ मि.ग्रॅ.पासूनही सुरू करतात.

ठसठशीत स्वप्नं, तुटक झोप, डोकेदुखी, मळमळ हे नेहमीचे त्रास, आणि बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत ओसरणारे. रात्री झोपताना घ्यायची पद्धत जुनी आहे, पण ती काही वज्रलेप नाही. झोप बिघडत असेल तर सकाळी घ्या. मात्रा वाढवल्यावर त्रास झाला तर मागच्या मात्रेवर परत या आणि तिथे महिनाभर थांबा. कित्येकांना १.५ किंवा ३ वरच जो काही फायदा व्हायचा तो होतो, आणि वर गेलं की तो कमी होतो. ४.५ हा गाठायचाच आकडा नाही. ओळखीच्या बाईंचा आकडा तर मुळीच नाही.

सुरू करण्याआधी लिव्हर फंक्शन तपासलं होतं का? नसेल तर आता करा. यकृताला इजा झाल्याची नोंद आहे ती याच्या कितीतरी पट मोठ्या मात्रांवर. तरीही कावीळ चालू असताना, यकृत निकामी होत असताना हे औषध नको. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर आधी बोला.

प्रश्न : मानसोपचारतज्ज्ञांनी थकव्यासाठी ॲरिपिप्रॅझोल १ मि.ग्रॅ. सुचवलं. नेटवर बघितलं तर हे स्किझोफ्रेनियाचं औषध. माझा आजार मनाचा आहे असं त्यांना वाटतं का? (वाचक, नागपूर)

तसं असेलच असं नाही. स्किझोफ्रेनियात ॲरिपिप्रॅझोल बहुधा १० ते १५ मि.ग्रॅ. देतात. तुम्हाला सुचवलेली मात्रा त्याच्या दहाव्या भागाइतकी आहे. स्टॅनफर्डमध्ये १०१ एमई/सीएफएस रुग्णांना ०.२ ते २ मि.ग्रॅ. दिल्याच्या नोंदी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. ७४ टक्के रुग्णांत थकवा, विचारातली धूसरता, झोप किंवा घसरणींची संख्या यांपैकी एका तरी बाबतीत सुधारणा नोंदवली गेली. इथेही डमी गोळीची तुलना नव्हती, ते विसरू नका.

हे औषध शरीरात फार रेंगाळतं. अर्धं उतरायलाच तीन दिवस लागतात. म्हणून मात्रा बदलल्यावर खरा परिणाम कळायला दोन आठवडे जातात. आज वाढवलं, उद्या काही नाही, परवा आणखी वाढवलं, असं केलं तर दोन आठवड्यांनी सगळं एकदम अंगाशी येतं. २ मि.ग्रॅ.ची गोळी मिळते, अर्धी केली की १ होते. ०.२५ पासून सुरुवात करायची तर कसं मोजायचं ते त्यांनाच विचारा.

पायांत वळवळ, एका जागी बसवेना, येरझाऱ्या घालाव्याशा वाटणं सुरू झालं तर लगेच कळवा. हा ओळखीचा दुष्परिणाम आहे, आणि त्याला ‘ऊर्जा आली’ समजण्याची चूक होते. जुगार, खरेदी, खाणं यांचा आवर सुटणं क्वचित दिसतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०१६ मध्ये तसा इशारा दिला आहे. हे घरच्यांना सांगून ठेवा, कारण स्वतःला ते लवकर कळत नाही. फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन चालू असेल तर ॲरिपिप्रॅझोलचं रक्तातलं प्रमाण वाढतं. ते तुमच्या डॉक्टरांना माहीत असेलच, पण ती गोळी दुसऱ्या कुणी लिहून दिली असेल तर तुम्हीच सांगायला हवं.

प्रश्न : मुलगी सतरा वर्षांची. कोविडनंतर अशीच गळून गेली आहे. प्रार्थनेला उभी राहिली की गरगरतं, छाती धडधडते, आंघोळ झाली की तासभर झोपते. तिला नाल्ट्रेक्सोन देता येईल का? (वाचक, सांगली)

तिच्या बाबतीत आधी उभं राहण्याचं गणित तपासा. तिथे बरंच काही करता येण्यासारखं असतं. चाचणी साधी आहे, पण ती शक्यतो डॉक्टरांसमोर करावी. घरी केलीत तर कोणीतरी हाताच्या अंतरावर उभं राहावं.

सकाळी, चहा-कॉफीच्या आधी, तिला दहा मिनिटं आडवं पडू द्या. नाडी आणि रक्तदाब मोजा. मग तिला भिंतीला खांदे टेकवून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून उभं करा. हालचाल नाही, बोलणं नाही. दहा मिनिटं, दर मिनिटाला नाडी आणि रक्तदाब लिहा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबा आणि आडवं करा. बारा ते एकोणीस वयात नाडी ४० किंवा त्याहून जास्त वाढून तशीच टिकली (मोठ्यांत ३०) आणि रक्तदाब पडला नाही, तर पॉट्स नावाच्या त्रासाची शंका घ्यावी. घरच्या वहीतले हे आकडे डॉक्टरांकडे न्या. ‘गरगरतं’ या तक्रारीपेक्षा त्यांना जास्त वजन असतं.

उपाय पाण्यापासून सुरू होतात. दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवलेलं मीठ. खारं ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, एक लिटरच्या पाकिटाचं ओआरएस चालेल. दुकानातल्या गोड खोक्यांवर काहीही छापलेलं असलं तरी ते ओआरएस नव्हे, साखर मोजून बघा. (रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी या मिठाच्या वाटेला जाऊ नये.) आंघोळ स्टुलावर बसून, कोमट पाण्याने. कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि नाडी आणखी धावते. कमरेपर्यंतचे घट्ट मोजे उपयोगी पडतात, पण आपल्या उन्हाळ्यात ते कोणी घालत नाही. त्यापेक्षा पोटाचा पट्टा सोसवतो. प्रार्थनेला बसण्याची परवानगी शाळा-कॉलेजकडून लेखी घ्या, नाहीतर रोज तोच वाद होतो.

एवढ्याने भागलं नाही तर प्रोप्रॅनोलॉल (यातही मात्रा बारीकच, अनेकदा १० मि.ग्रॅ.पासून), इव्हाब्रॅडिन, फ्लुड्रोकॉर्टिसोन असे पर्याय डॉक्टरांकडे आहेत. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको, हे त्यांना आठवणीने सांगा. नाल्ट्रेक्सोनचा विचार त्यानंतर, आणि या वयात तो मुलांच्या किंवा मज्जाविकारांच्या तज्ज्ञांनी करावा. घरी नाही.

प्रश्न : आमच्याकडे एक जण पुड्या देतात. तीन दिवसांत माणूस धावायला लागतो. अल्पमात्रेचंच काही असेल ना? (वाचक, बीड)

तीन दिवसांत धावायला लावणाऱ्या बिननावाच्या पुडीत स्टिरॉइड असल्याचा संशय आधी घ्यावा. चेहरा गोल होणं, भूक भडकणं, पोट सुटणं, साखर वाढणं, कातडीवर सहज काळे-निळे डाग पडणं ही चिन्हं बघा. तीन आठवड्यांहून अधिक काळ घेतली असेल तर एकदम थांबवू नका. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल तोवर झोपी गेलेलं असतं आणि पुडी तुटली की रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेऊन फिजिशियनकडे जा, सकाळी आठचं कॉर्टिसोल तपासा, उतरवण्याचं वेळापत्रक त्यांच्याकडून घ्या. थकव्यासाठी महिन्याला लावून घेतलेल्या सलाइनबद्दलही पत्रं आहेत. त्यात मीठ-पाणी असतं. पॉट्स असेल तर एक दिवस बरं वाटतं, ते ताकानेही वाटेल.

प्रश्न : तीन महिने १.५ मि.ग्रॅ. घेतेय. मला बरं वाटतंय असं मी म्हणते, आमचे हे म्हणतात मनाचे खेळ आहेत. कोणाचं खरं? (वाचक, रत्नागिरी)

वही ठेवली नसेल तर दोघांचंही खरं असू शकतं. आणि हा वाद तुमच्या घरातलाच नाही. नॉर्वेत रिट्युक्सिमॅब या औषधाची एमई/सीएफएसमध्ये २०११ साली ३० रुग्णांवर चाचणी झाली. औषध मिळालेल्या १५ पैकी १० जणांना फरक पडला, डमीवाल्या १५ पैकी दोघांना. सगळीकडे आशा पसरली. मग १५१ रुग्णांची मोठी चाचणी झाली, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली : औषधाने २६ टक्के सुधारले, डमीने ३५ टक्के. हा आजार आपोआपही वरखाली होतो. माणूस औषध सुरू करतो ते बहुधा सर्वांत वाईट आठवड्यात, आणि त्यानंतरचा आठवडा तसाही थोडा बरा असतो.

म्हणून ‘कसं वाटतंय’ याला गुण देऊ नका. मोजता येईल तेच लिहा : दिवसातले उभे-चालते तास, मोबाइलमधली पावलं, आठवड्यातल्या घसरणी आणि प्रत्येक घसरण किती दिवस टिकली. उठल्यावरची नाडीही लिहा. औषध सुरू करण्याआधीचे दोन आठवडे ही वही भरलेली असेल तर उत्तम. तुमची नसेल, तर डॉक्टरांना विचारून महिनाभर औषध थांबवा, वही भरा, पुन्हा सुरू करा. या मात्रेचं नाल्ट्रेक्सोन थांबवायला टप्पे लागत नाहीत. त्या काळात नवी गोळी, नवा काढा, नवा योगवर्ग सुरू करायचा नाही, नाहीतर श्रेय कोणाचं ते कधीच कळणार नाही.

घसरणी महिन्याला चारावरून दोनवर आल्या असतील तर औषध चालू ठेवण्यासारखं आहे, मग यजमान काहीही म्हणोत. आकडे जिथल्या तिथे असतील तर मात्रा एकदा वाढवून बघा. सहा महिन्यांनंतरही काही हललं नसेल तर सोडून द्या.

बरं वाटू लागलेल्यांसाठी एक धोका वेगळा आहे. दोन चांगले दिवस मिळाले की साठलेली धुणी, माळा, पाहुणे सगळं एकदम निघतं, तिसऱ्या दिवशी घसरण होते आणि दोष औषधाला जातो. नाडी मोजणारं घड्याळ असेल तर सकाळच्या विश्रांतीच्या नाडीत १५ मिळवा. ७० असेल तर ८५. ती ओलांडली की हातातलं काम ठेवून बसा. पहिल्या आठवड्यात ही मर्यादा हास्यास्पदरीत्या कमी वाटते, जिना चढतानाच ओलांडली जाते. मग जिना दोन टप्प्यांत चढा आणि मधल्या वळणावर खुर्ची ठेवा. चांगल्या दिवशीही काम कालच्याइतकंच ठेवा. महिनाभर घसरण झाली नाही, तरच दहा टक्के वाढवा.

प्रश्न : पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय. रोज ३ मि.ग्रॅ. नाल्ट्रेक्सोन चालू आहे. एवढ्याशा मात्रेचं सांगायला हवं का? (वाचक, मडगाव)

हो, सर्जनला आणि भूलतज्ज्ञांना, दोघांनाही. ऑपरेशनच्या वेळी आणि नंतर देतात ती फेंटानिल, ट्रॅमाडोलसारखी औषधं याच ग्राहींवर काम करतात. नाल्ट्रेक्सोन अंगात असेल तर ती लागू पडत नाहीत. या मात्रेचं औषध बहुधा दोन-तीन दिवस आधी थांबवतात, नेमका दिवस भूलतज्ज्ञ ठरवतील. ऑपरेशननंतर शेवटची अफूवर्गीय मात्रा कधी दिली ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि त्यानंतर ७ ते १० दिवसांनी, पुन्हा ०.५ पासून सुरू करा. अपघाताची वेळ सांगून येत नाही, तेव्हा ‘नाल्ट्रेक्सोन ३ मि.ग्रॅ., रोज रात्री’ अशी चिठ्ठी पाकिटात आधार कार्डाच्या मागे ठेवून द्या.